इतर हक्क

मेलबर्नच्या क्वीन व्हिक्टोरिया मार्केटमधल्या डोनटच्या आतला जाम इतका कढत असतो की पहिला घास तोंडात असताना शहाणा माणूस बोलायला जात नाही. बाबांनी नेमका तोच क्षण निवडला. शनिवारची सकाळ होती, एप्रिलमधली बोचरी थंडी होती, आणि १९५० पासून तिथे उभ्या असलेल्या त्या जुन्या गाडीपुढे अर्धा तास रांगेत काढून आम्ही दोघे एका खांबाच्या आडोशाला उभे होतो. बाबांच्या मफलरवर साखर सांडली होती, कागदी पिशवीवर तेलाचा डाग पसरत चालला होता, आणि मागच्या गाळ्यावरचा माणूस मंडईतल्या कुठल्याही माणसासारखाच गळ्याच्या शिरा ताणून टोमॅटोचा भाव सांगत होता. बाबांनी घास गालात एका बाजूला सारला, एकदा छपराकडे आणि एकदा पलीकडच्या प्रशस्त वाहनतळाकडे पाहिले आणि विचारले, “या जमिनीचा सातबारा आधी कोणाच्या नावावर होता रे?” मी हसलो. “बाबा, इथे सातबारा नसतो,” असे म्हणालो आणि पिशवी पुन्हा त्यांच्यापुढे धरली. त्यांनी दुसरा डोनट घेतला नाही. भूमी अभिलेख कार्यालयात तेहतीस वर्षे सर्वेअर म्हणून काढलेल्या माणसाने नवशिक्या शिकाऊ कारकुनाकडे पाहावे, तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विषय सोडून दिला.

विषय त्यांनी सोडला. मला तो सोडेना.

पाहुणे आले की त्यांना मेलबर्न कसे दाखवायचे याचा माझा एक ठरलेला क्रम आहे, आणि खरे सांगायचे तर तो एखाद्या हॉटेलच्या मेनूकार्डासारखा आहे. सकाळी मार्केटमध्ये डोनट, मग एखाद्या गल्लीत कॉफी, दुपारी चायनाटाउन, संध्याकाळी ९६ नंबरच्या ट्रॅमने सेंट किल्डा आणि तिथे केक. मधल्या वेळेत स्टेट लायब्ररीचा घुमट, फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनची घड्याळे, यारा नदी. पण ही सगळी दोन खाण्यांमधली विश्रांती. चौदा वर्षे मी या शहरात राहतो, कर भरतो, मतदान करतो, आणि तरीही हे शहर मला ठाऊक आहे ते जिभेने. कुठे काय चांगले मिळते हे कळले की ती जागा आपली झाली, असा परदेशात राहणाऱ्या माणसाचा एक सोयीस्कर समज असतो. बाबांसाठीही मी तीच यादी काढली होती. फक्त, बाबांना शहर जिभेने कळत नाही. त्यांना ते पायांनी कळते, आणि तेही मोजून.

याचा पहिला प्रत्यय लिटल बर्क स्ट्रीटवर आला. तांबड्या कमानीखालून आम्ही चायनाटाउनमध्ये शिरलो. १८५० च्या दशकात सोन्याच्या शोधात आलेल्या चिनी माणसांनी वसवलेला हा रस्ता. दोन्ही बाजूंना वाफाळलेल्या काचा, त्यांमागे मैदा लाटून मोमोंसारख्या चुण्या घालणारे पिठाळ हात. मी मोठ्या उत्साहाने डिम सिमची गोष्ट सांगू लागलो. चिनी वाटणारा हा जाड सालीचा, कोबी आणि मांस भरलेला मुटका मुळात १९४५ साली विल्यम विंग यंग नावाच्या गृहस्थाने याच शहरात विकायला आणला, आणि आता मासे-बटाट्याच्या प्रत्येक दुकानात तो मिळतो. बोलता बोलता मागे वळून पाहिले, तर बाबा नाहीत. ते एका भिंतीला टाच लावून उभे होते. मोटारी थांबल्यावर त्यांनी सरळ रेषेत चालत रस्ता ओलांडला, समोरच्या भिंतीला हात लावला आणि परत आले. “तेरा पावलं,” ते म्हणाले. “तेहतीस फूट. ही आपली साखळी आहे.”

ज्यांचा शेतजमिनीशी संबंध आला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मुंबई इलाख्याच्या मोजणीतली साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे, आणि साखळीभर लांब, साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. रात्री घरी आल्यावर मी शोधले, तर बाबांचे पाऊल चुकले नव्हते. १८३७ साली रॉबर्ट हॉडल या सर्वेअरने मेलबर्नचा चौकटीचा आराखडा आखला तेव्हा मोठे रस्ते नव्व्याण्णव फूट आणि त्यांच्यामधले ‘लिटल’ रस्ते तेहतीस फूट रुंद धरले. म्हणजे हॉडलच्या सहासष्ट फुटी साखळीने दीड आणि अर्धी. आमच्याकडच्या साखळीने तीन आणि एक. चौदा वर्षे मी ज्या रस्त्यावर भाज्यांचे डम्पलिंग खात आलो तो रस्ता रुंदीने बरोबर एका गुंठ्याच्या बाजूएवढा आहे, हे मला ठाऊक नव्हते. बाबांना हे सांगितले तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली, पण त्यानंतरच्या तीन आठवड्यांत त्यांचा परकेपणा निम्म्याने कमी झाला. एकच सरकार, एकच साखळी, असे ते मध्येच पुटपुटत. त्यात अभिमान होता की दुसरे काही, ते मला नीट कळले नाही.

डिग्रेव्ह्ज स्ट्रीटवर मी त्यांना कॉफी पाजली. त्या अरुंद गल्लीत टेबलांच्या मधून माणसांना अंग चोरून जावे लागते, यंत्राच्या वाफेचा फुस्स आवाज आणि भाजलेल्या पावाचा वास यांच्यात दोन अनोळखी माणसांचे गुडघे एकमेकांना लागतात. या शहराला कॉफीचा इतका ताठा आहे की स्टारबक्ससारख्या बलाढ्य कंपनीला २००८ साली देशभरातल्या चौऱ्याऐंशीपैकी एकसष्ट दुकानांना टाळे लावावे लागले. इथे लोक ‘मॅजिक’ नावाची कॉफी मागवतात. दुप्पट पण आखूड उतरवलेला अर्क आणि पाऊण कप दूध. बाहेरगावच्या माणसाला ही भानगड कळत नाही. बाबांनी तिच्यात तीन पाकिटे साखर घातली. वाढणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, याबद्दल मी तिचा आजन्म ऋणी आहे. मग त्यांनी विचारले की हॉडलने जर एवढे चौकोन आखले, तर या वेड्यावाकड्या गल्ल्या आल्या कुठून. याचे उत्तर मला माहीत होते. सरकारने लिलावात विकलेले प्लॉट सुमारे अर्ध्या एकराचे होते. मालकांनी त्यांचे तुकडे पाडून विकले आणि मागच्या तुकड्यांना वाट म्हणून गल्ल्या निघाल्या. “पोटहिस्से,” बाबा समाधानाने म्हणाले. गटारे होण्यापूर्वी याच असल्या गल्ल्यांतून मैला वाहणाऱ्या गाड्या रात्री फिरत, हेही मी सांगितले. त्यांनी कपातला उरलेला घोट क्षणभर पाहिला आणि संपवला. सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या पेठेत बोळ कशासाठी असतो, हे त्यांना माझ्याकडून ऐकायची गरज नव्हती.

उतार तर त्यांना आधीच दिसला होता. एलिझाबेथ स्ट्रीटच्या चौकात ट्रॅमची वाट पाहताना त्यांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, मग बुटाची नाडी बांधण्याच्या मिषाने खाली बसून डोळा रुळाच्या पातळीला आणला. “हा रस्ता नाही,” ते म्हणाले, “हा ओढा आहे.” आणि तो ओढाच आहे. दोन्ही बाजूंच्या रस्त्यांचे पाणी उतरून येते ती ही घळ. तिच्यावर रस्ता घातला, पाणी खाली नळात कोंडले, आणि १९७२ च्या फेब्रुवारीत जोरदार पाऊस झाला तेव्हा ओढ्याने आपली वहिवाट पुन्हा सांगितली. मोटारी तरंगतानाची छायाचित्रे अजून पाहायला मिळतात. चौदा वर्षे मी या रस्त्यावरून चाललो आहे आणि मला तिथे फक्त ट्रॅमचा थांबा आणि एक बऱ्यापैकी सुशीचे दुकान दिसत आले आहे.

बर्क स्ट्रीटच्या वरच्या टोकाला पेलेग्रिनीज आहे. १९५४ पासूनचे ते इटालियन कॉफीचे दुकान. आत लांब काउंटर, गोल स्टुले, मागच्या आरशात दिसणारे आपलेच खाणारे तोंड. मला तिथे पाहुण्यांना नेताना नेहमी थोडे थबकायला होते. सिस्टो मालास्पिना हा दुकानाचा एक मालक, तरुणपणी इटलीहून आलेला, १९७४ पासून त्या काउंटरमागे उभा राहिलेला. नोव्हेंबर २०१८ मध्ये याच रस्त्यावर एक गाडी पेटली, कोणाला तरी मदत हवी आहे असे समजून तो धावला, आणि गाडीवाल्याच्या सुऱ्याने मारला गेला. त्या आठवड्यात बंद दारापुढे पाऊल ठेवायला जागा नव्हती, इतकी फुले होती. पुढे त्याला राज्य सरकारतर्फे सरकारी इतमामात निरोप दिला. एका कॉफीवाल्याला! मी त्या फुलांपुढे उभा होतो तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की हे शहर परक्याला आपला म्हणू शकते. बाबांना हे सांगत होतो, ते कलिंगडाच्या बर्फाळ सरबतातून चमचा फिरवत ऐकत होते. ऐकून झाल्यावर गंभीरपणे म्हणाले, “चांगला माणूस.” आणि मग, सर्वेअरच तो, “हा बर्क कोण?”

बर्क हा गव्हर्नर. त्याची गोष्ट सांगायची तर आधी जॉन बॅटमनची सांगावी लागते. १८३५ च्या जूनमध्ये हा गृहस्थ टास्मानियातून आला आणि इथल्या कूलिन लोकांच्या आठ प्रमुखांकडून सहा लाख एकर जमीन घेतल्याचा दस्त करून परतला. मोबदला म्हणजे घोंगड्या, सुऱ्या, कुऱ्हाडी, आरसे, पीठ. दोनच महिन्यांनी गव्हर्नर रिचर्ड बर्कने जाहीर केले की हा व्यवहार रद्द समजावा. जमीन देणाऱ्यांवर अन्याय झाला म्हणून नव्हे. जमीन मुळात ब्रिटिश राजसत्तेची, तेव्हा ती विकण्याचा हक्कच त्या लोकांना नाही, म्हणून. बाबांनी चमचा खाली ठेवला.

“म्हणजे फेरफार नामंजूर,” ते म्हणाले, “आणि मूळ खातेदाराचं नावही कमी.”

मी तोपर्यंत ती गोष्ट अनेकदा सांगितली होती, बॅटमनच्या आरशांवर हसून. इतक्या कोरड्या, कार्यालयीन शब्दांत ती मला कोणी ऐकवली नव्हती. एकोणीसशे ब्याण्णव सालापर्यंत, एडी माबो यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका मोडून काढेपर्यंत, या देशाच्या कायद्यात ती जमीन गोरे येण्यापूर्वी कोणाच्याच मालकीची नव्हती. आमच्या कार्यालयात प्रत्येक मोठ्या बैठकीच्या सुरुवातीला कोणीतरी उठून म्हणते की आपण वुरुंजेरी या इथल्या मूळ लोकांच्या भूमीवर भेटतो आहोत आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना आदर व्यक्त करतो. कॉफीच्या दुकानांच्या दारांवर त्याच अर्थाच्या छोट्या चिकटपट्ट्या असतात. मी हे बाबांना जरा कौतुकाने सांगितले. “नाव घेतात ते चांगलंच,” ते म्हणाले. “पण नाव घेणं आणि नाव चढवणं यात फरक असतो.” हे बोलणारा माणूस ज्या घरात राहतो ते कोणत्या धरणग्रस्ताच्या गावकुसाजवळ आहे, आणि कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचे दाखले काढायला माणसे त्यांच्या टेबलाशी किती वर्षे येत राहिली, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तेव्हा मी गप्प बसलो.

सेंट किल्ड्याला मात्र आमचा दिवस मजेत गेला. ॲकलंड स्ट्रीटवर पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी नावारूपाला आणलेली केकची दुकाने आहेत; मोनार्क त्यांतले, १९३४ पासूनचे. काचेमागे एकावर एक सुरळ्या, चेरीचे ठिपके, चॉकलेटचे डोंगर. बाबा मांसाहार करत नाहीत. अंडे मात्र ‘बेकरीत डोळ्यांना दिसले नाही म्हणजे नसते’ या न्यायाने चालते. पोलिश पद्धतीचा भाजलेला चीजकेक त्यांनी चमच्याने दाबून पाहिला, एक तुकडा खाल्ला, आणि डोळे मिटले. “खरवस,” ते म्हणाले. आईच्या हातचा म्हणाले नाहीत. आम्ही दोघांनीही तो शब्द टाळला. समुद्राकडे तोंड करून बाकावर बसल्यावर मी त्यांना एक बातमी दिली, जी मी खास त्यांच्यासाठी राखून ठेवली होती: शहराच्या या भागाचे पारंपरिक हक्कदार कोण याबद्दल दोन समूहांत जुना वाद होता, आणि २०२१ साली त्यांच्यामधली रेषा नकाशावर आखली गेली. शहराचा मध्यभाग वुरुंजेरींकडे, सेंट किल्डा बुनुरोंग लोकांकडे. बाबा ताठ बसले. “हद्द कायम केली म्हणायची! मोजणीला कोण होतं?” ते मला सांगता आले नाही. पण त्या बाकावर, लाटांच्या आवाजात, त्यांच्या चेहऱ्यावर जे कुतूहल होते ते ल्यूना पार्कच्या तोंड वासलेल्या दरवाज्याला मिळाले नव्हते.

माझ्या यादीत नसलेले एक खाणेही याच काळात भेटले. बोटॅनिक गार्डनमध्ये एका वाफ्यात मर्नॉन्ग लावलेले होते: बारीक पाती, डँडेलियनसारखे पिवळे फूल, आणि मातीत, दिसत नाही असा, बोटाएवढा गोडसर कंद. यारेच्या दोन्ही काठांवर त्याची मैदाने होती, बायका काठ्यांनी ते खणून काढत आणि टोपल्यांत भाजत. मेंढ्या आल्या आणि काही वर्षांतच मुळासकट खाऊन गेल्या. या शहरातले सर्वांत जुने खाणे ते. चौदा वर्षांत माझ्या ताटात कधी आले नाही, आणि आले नाही हेही मला कळले नव्हते. बाबांनी पाटीवरचे नाव वहीत उतरवून घेतले.

परतीच्या आदल्या शनिवारी ते म्हणाले, “पुन्हा त्या मंडईत जाऊ.” या वेळी मी आधी वाचून घेतले होते, म्हणून गाडीतच सांगून टाकले. मार्केटचे उद्घाटन १८७८ चे, पण त्याच्या बऱ्याचशा भागाखाली शहराची पहिली दफनभूमी आहे. १८३७ पासून तिथे सुमारे दहा हजार माणसे पुरली गेली. मार्केट वाढवायचे ठरले तेव्हा, १९२० च्या सुमारास, नऊशेहून थोडे अधिक लोकांचे अवशेष उकरून दुसरीकडे नेले; बॅटमन त्यांतलाच. उरलेले सुमारे नऊ हजार अजून तिथेच आहेत, गाळ्यांखाली आणि वाहनतळाखाली. बाबा काही बोलले नाहीत. फ्रँकलिन आणि व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, मार्केटपासून थोड्या अंतरावर, एक झोपाळ्यासारखी चौकट उभी आहे. २०१६ साली उभारलेली. नीट पाहिले तर तो झोपाळा नव्हे, फाशीचा खांब आहे. टनरमिनरवेट आणि मॉलबॉयहीनर या टास्मानियातल्या दोन आदिवासी पुरुषांना २० जानेवारी १८४२ रोजी या शहरातली पहिली जाहीर फाशी दिली गेली, हजारो लोक पाहायला जमले, आणि दोघांना दफनभूमीच्या हद्दीबाहेर पुरले. पुढे ती जागाही मार्केटच्याच खाली गेली.

“हद्दीबाहेर,” बाबांनी तो एकच शब्द उचलला.

आम्ही रांगेत उभे राहिलो. डोनट घेतले. हे सांगताना मला अजून थोडे अवघडल्यासारखे होते, पण घेतले आणि खाल्ले. थंडी होती आणि ते गरम होते. बाबांनीही खाल्ले, मात्र वाहनतळाच्या बाजूला पाठ करून नव्हे, तिकडे तोंड करून. एका मुलीच्या ट्रॉलीचे चाक फरशीच्या सांध्यात अडकले होते ते त्यांनी सोडवून दिले. मग माझ्याकडून रिकामी पिशवी मागून घेतली, घडी करून कोटाच्या खिशात ठेवली. कचऱ्याची पेटी समोरच होती.

ते गेल्यानंतर आठवड्याने पाहुण्यांच्या खोलीतल्या खणात मला ती पिशवी सापडली. तेलाचा डाग टाळून, पेन्सिलीने, पट्टीशिवाय काढलेल्या सरळ रेषांत त्यांनी तिच्यावर टिपण काढले होते. चतुःसीमा: उत्तरेस व्हिक्टोरिया स्ट्रीट, पश्चिमेस पील स्ट्रीट, दक्षिणेस फ्रँकलिन स्ट्रीट, पूर्वेस एलिझाबेथ स्ट्रीट, आणि कंसात ‘ओढा’. पावलांवरून काढलेली अंतरे साखळी-आण्यांत. खाली सातबाऱ्याचे रकाने. भोगवटादाराच्या रकान्यात ‘मेलबर्न महानगरपालिका’. ‘इतर हक्क’ या रकान्यात पहिल्या ओळीत ‘इसम सुमारे ९०००, जमिनीखाली’. दुसऱ्या ओळीत ‘इसम २, हद्दीबाहेर’. तिसऱ्या ओळीत एक शब्द लिहून खोडलेला, पुन्हा लिहिलेला, पुन्हा खोडलेला.

रविवारी फोनवर मी त्यांना पिशवी मिळाल्याचे सांगितले. त्यांना संकोच वाटला असावा. वेळ जात नव्हता म्हणून काढलं, म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “त्या मूळ लोकांचं नाव पुन्हा एकदा नीट सांग. माझ्याकडून चुकतंय. सरकारी कागदात नाव चुकलं तर माणूस पिढ्यान्पिढ्या हेलपाटे घालतो.” मी सांगायला गेलो आणि अडखळलो. चौदा वर्षे दर बैठकीत ऐकलेला शब्द मी एकदाही स्वतः उच्चारलेला नव्हता. फोन कानाला तसाच धरून मी दुसऱ्या हाताने त्यांच्या समितीचे संकेतस्थळ उघडले, तिथल्या एका वृद्ध बाईंचा आवाज दोनदा ऐकला, तिसऱ्यांदा बाबांनाही ऐकवला.

“हं, सांग आता,” ते म्हणाले. मागे त्यांच्या वहीची पाने चाळल्याचा आवाज येत होता. “व ला पहिला उकार की दुसरा?”